आल्या पावली

मंगळवारपासून सतरापैकी तीन बोये गप्प होते.
हिउमा बेटाच्या उत्तरेचे, जिथे समुद्र उथळ होतो
आणि जहाजं तळाला घाबरतात,
नेमके तिथलेच तीन.
आडो होडी घेऊन गेला. बॅटऱ्या बदलल्या,
अँटेनावर गोठलेले तुषार हातोडीने फोडले,
आणि फोनवर ओरडला, वाऱ्यावरून:
"उर्वे, हे बोलताहेत! तुम्हीच ऐकत नाही."

आम्ही म्हणजे तालिनमधल्या तळघरातलं एक यंत्र
आणि त्याच्यासमोर मी,
दोन-दोन मोजे घालून, कारण फरशी गार.

कार्डाचे आकडे बघितले. गाळलेली पाकिटं: शून्य.
रांग भरून सांडली? नाही.
प्रोसेसर थकलाय? छे, पेंगतोय.
मग तारेलाच कान लावला,
तर पाकिटं येताना दिसली, धडधाकट, वेळेवर,
पाण्याची पातळी आणि लाटेची उंची पोटात घेऊन.
आणि वर प्रोग्रॅम दाराकडे डोळे लावून बसलेला:
कुणी आलंच नाही.

दारात दिसलेला पाहुणा पानावर पोचत नाही,
तर मधे काय होतं?

कर्नलमध्ये पाकिटाला निरोप द्यायच्या दोन रीती आहेत.
काम झालेल्याची जागा एक फंक्शन मोकळी करतं,
टाकून दिलेल्याची दुसरं.
बाहेरून दोन्ही सारखंच. मेमरी परत, पाटी कोरी,
रडारड नाही.
मी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पाळत ठेवली.
तीन वाजून दहा मिनिटांनी एक ओळ पडली.
मग आणखी एक. मग धडाधड.
कारण प्रत्येकीचं तेच:
पाठवणाऱ्याच्या पत्त्याची खातरजमा नापास.

नियम असा आहे:
पाकीट ज्या दाराने आलं,
त्याच दारातून त्याच्या घरची वाट निघत असेल
तरच ते खरं. नाहीतर तोतया.
आल्या पावली ज्याला परत धाडता येत नाही
तो आलाच नव्हता.
कुणाला कळवायचं नाही. कोपऱ्यातल्या एका आकड्यात
एक मिळवायचा, पुढचा घ्यायचा.
तो आकडा मी चार दिवसांत एकदाही उघडला नव्हता.

फाइलीत नियमापुढे लिहिलेलं: एक.
शेजारी एंडेलची टीप, अकरा वर्षांपूर्वीची:
"सध्यापुरतं."

सहाला त्याला फोन केला. निवृत्त माणूस,
अंगणात मासे धुरीला लावत होता, खोकला.
बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "तेव्हा बेटाला एकच केबल होती."

मंगळवारी दुपारी दुसरी केबल सुरू झाली.
केक कापला होता.
मीही खाल्ला.

तीन बोये नव्या वाटेने यायला लागले
आणि आमच्या तक्त्यात त्यांचं घर अजून जुन्या वाटेवर.
कर्नलने काही चुकीचं केलं नाही.
सांगितलं होतं तेवढंच केलं, अगदी शब्दाला जागून,
आणि चोर सोडून आम्ही बॅटऱ्यांना फाशी दिली.

एकाचे दोन केले. बास, एवढंच.
दोन म्हणजे: कुठल्या का दाराने होईना,
तुझ्या घरी जायची एखादी वाट मला माहीत आहे ना?
मग ये आत.

सहा बावीसला तिन्ही बोलायला लागले,
जणू कधी थांबलेच नव्हते. तसे ते थांबलेच नव्हते.
पण ही पाकिटं मागे वळून विचारत नाहीत, पोचलो का म्हणून.
चार दिवसांचं पाणी आलेखात कोरंच राहिलं.
बंदरातून कुणीतरी सुचवलं, दोन टोकं रेघेने जोडा.
मी नाही जोडली.

आडोने बॅटऱ्यांचं बिल पाठवलंय. बरोबर आहे त्याचं.

आणि कोपऱ्यातला तो आकडा, आता मी रोज उघडते,
काल रात्री पुन्हा वाढला. तीनने.
तीनच.

मोजे शोधते आहे.